साडूचं माउंटिंग

…आन वर हसतोय! हसतोय म्हंजी कसा, दात न दाखवता, मान जरा कलती करून, जसं काय आपलंच चुकलंय आन ह्यानं माफ केलंय! "साडूभाऊ, काय बोलतीय गाडी?" काय बोलणार? गाडीला तोंड हाय का? तुमाला सांगतो, माणसानं जगात समदं सोसावं, ऊन सोसावं, टोमॅटोचा भाव सोसावा, बिबट्यानं गोठ्यातनं शेरडू नेलं तर ते बी सोसावं, पर आपल्या सासऱ्याला दुसरा जावई असावा आन तो चांगला असावा… हे न्हाई सोसवत राव! आता तुमी म्हणाल, धर्माजी जळतोय. अजाबात न्हाई! मी आन जळतोय? आपल्याला तसली सवयच न्हाई.

थांबा, पयल्यापासनं सांगतो, न्हाईतर तुमी त्याच्याच बाजूचे व्हाल, समदेच व्हत्यात. मी निमगाव सावाचा. आमची मंडळी बानूबाई, तिचं माहेर तिकडं आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडं. सासऱ्याला दोन पोरी आन एक पोरगा. थोरली बानू, ती माझ्या पदरी. धाकली कुशाबाई, ती दिली डिंगोऱ्याच्या दादाभाऊला. तो माझा साडू. आन पोरगा भरत, आमचा मेव्हणा. बास, एवढीच माणसं हायेत, पर तरास बगा केवढा!

आता फियाट. माझ्या आज्यानं जलमभर मेंढरं राखली. बापानं त्यातली निम्मी इकली आन फियाट आणली, अठ्ठ्याहत्तर सालची, दुधावरच्या साईच्या रंगाची. गाव बघाया आला, राहिलेली मेंढरं बी बघाया आली. तवापासनं आमच्यात लगीन म्हणलं की नवरी सासरी जायची ती आमच्या फियाटीतनं. पुढं लोकांकडं मोठ्या मोठ्या गाड्या आल्या, वरनं उघडायच्या, आतनं गार व्हायच्या, पर नवरी म्हणली की धर्माजीची फियाट! सासरवाडीच्या आठ पोरी म्या स्वतः सोडल्यात, चुलत-मावस धरून. इष्टेरिंगवर मी, डोक्याला फेटा, गाडीला झेंडू. थोरल्या जावयाचा मान म्हणत्यात त्याला! इकत मिळत न्हाई तो.

आन तीन वर्सांमागं ह्या दादाभाऊनं काय करावं? माणसं काय काय करत्यात, बोअर घेत्यात, द्राक्षं लावत्यात, गुडघ्याचं आपरेशन करत्यात. ह्यानं फियाट घेतली! कल्याणच्या कुण्या म्हाताऱ्या डॉक्टरची. आन रंग? साईचाच! म्या म्हणलं, पावणं, आकाशात रंग संपले व्हते का? तर म्हणतो कसा, "साडूभाऊ, तुमची बघूनच हौस वाटली." आता ह्याच्यावर माणसानं भांडायचं कसं? भांडायला कायतरी जागा ठेवावी का न्हाई समोरच्यानं?

बरं, घेतली तर घेतली, गप चालवावी. तर चार म्हैन्यांमागं कुशाबाईनं मोबाईलवर स्टेटस ठेवलं! गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, आन बॉनेटवर चहाचा भरलेला कप. बानू पळत आली, "अवं, बगा की, वरची साय सुदा हालंना!" म्या म्हणलं, गार चहा असंल, गार चहावर साय घट्ट बसती. तिनं दोन बोटांनी चित्र मोठं करून वाफ दाखवली. म्या म्हणलं, मग गाडी बंद असंल. तिनं आवाज वाढवला. भरर्र न्हाई, खडखड न्हाई, नुसतं ते गुणगुणत व्हतं इंजिन, दुपारच्याला म्हातारी जपमाळ घेऊन बसती तसं. म्या मोबाईल पालथा घातला. जळलो न्हाई हां! डोळं दुखत व्हतं.

पर म्हणलं बघावं. बानू शेतात गेल्यावर आपल्या बॉनेटवर कप ठेवला. कप नाचत नाचत पुढं आला, दिव्यापाशी थांबला, खाली बघितलं आन उडी मारली. सहा कपांचा सेट व्हता, लग्नातला. आता मला सांगा, पंचेचाळीस वर्सं ही गाडी अशीच हालायची, कवा मला वाईट वाटलं व्हतं का? त्या दिशी वाटलं. बॉनेट उघडलं, कारबुरेटर जरा हालतोय असं दिसलं, म्हणलं ढिला असंल, आन ट्रॅक्टरच्या पेटीतला लांब दांड्याचा पाना काढला. आवळला. आणखी आवळला. डोळ्याम्होरं त्या दादाभाऊचा कप! आणखी आवळला, आन आतनं आवाज आला, कट्ट… पापड मोडल्यावानी, एवढासा.

तुमाला सांगतो, कारबुरेटर इंजिनावर असाच बसत न्हाई. मधी एक काळी जाड बैठक असती, तळहाताएवढी, तिला माउंटिंग म्हणत्यात. पेट्रोल आन हवेचा घोट तिच्यातनं इंजिनात जातो, मापात. तिला चीर गेली की बाजूनं फुकटची हवा शिरती आन इंजिनाचं डोकं फिरतं. चालताना काय न्हाई, चालताना गाडी झकास. पर उभी केली, पाय काढला, की सूंऽऽऽ करती, मग हुंदका देती, मग मरती.

आन उभं राहण्याचंच काम हो आमच्या गाडीचं! पाठवणी कशी असती आमच्यात ठावं हाय ना? नवरी मांडवातनं निघायच्या आधी गाडी चालू करून दारात उभी करायची, आन ती बंद पडता कामा नये, अपशकुन असतो. मग रडणं. आधी आई, मग आज्जी, मग आत्या, चुलत्या, मावश्या, मग शेजारणी, मग ज्यांचं राहिलं त्यांचं, मग आई दुसऱ्यांदा. पाऊण तास कुठं गेला न्हाई! तेवढा येळ गाडीनं जागेवर गुणगुणायचं. आन कपाच्या भानगडीनंतर म्हैना न्हाई झाला तर चुलत मेव्हणीच्या पोरीचं लगीन. "बाय गंऽऽ, चालली गं माझी सोनुलीऽऽ" फुस्स! गाडी बंद. रडणं बंद. समदी माझ्याकडं बघाया लागली. म्या स्टार्टर मारला, घुर्रर्र, चालू! "चालली गं माझीऽऽ" फुस्स! पाच वेळा राव! रडणाऱ्या बायांचा तालच गेला, एक जण तर हसली. सहाव्यांदा बॅटरी बसली. मग काय, डोळं पुशीत पुशीत बायांनीच ढकलली. आन समद्यात जोर कुणाचा? दादाभाऊचा! कोट काढून, बाह्या सारून, "साडूभाऊ, दुसरा गेर टाका, मी हाय मागं!" आरशात दिसत व्हता मला, घामानं भिजलेला, आन वर हसतोय!

मग आला भरत. पत्रिका घेऊन. त्याची एकुलती एक पोरगी, दिशा, तिचं लगीन ठरलं. ही दिशा एवढीशी व्हती तवापासनं माझ्या फियाटीच्या मागच्या काचेपाशी बसायची आन म्हणायची, "मामा, मी लग्नात हितंच बसणार." तर भरत पाणी प्याला, इकडचं तिकडचं बोलला, खाली मान घालून म्हणतो, "थोरले दाजी, राग मानू नका… पर दिशाच्या पाठवणीला धाकल्या दाजींची गाडी सांगावी म्हणतोय. मागच्यावानी झालं तर… लोकं लई हसली व्हती, दाजी." माझ्या हातात पोह्याची बशी व्हती. ती खाली ठेवली. म्या म्हणलं, भरत, दिशा माझ्याच गाडीतनं जाईल. लग्नापातूर गाडी नीट न्हाई झाली तर मी स्वतः डिंगोऱ्याला जाऊन दादाभाऊच्या हातात फेटा देतो. दिला शब्द! देऊन बसलो. अठरा दिवस राहिलं व्हतं.

गेणू मिस्त्रीला बोलावलं. त्यानं इंजिन चालू केलं, बाटलीच्या झाकणात पेट्रोल घेतलं आन कारबुरेटरच्या बुडाशी दोन थेंब सोडलं. इंजिनाचा आवाजच बदलला. "दाजी, हितनं वारं चोरतीय गाडी. माउंटिंगला आरपार चीर हाय." मग त्यानं कारबुरेटर उतरवला, बैठक हातात घेऊन उन्हात धरली. "वयानं झिजलंच व्हतं, पर चीर ताजी हाय. कुणी आवळलं व्हतं? ट्रॅक्टरचा हात दिसतोय." म्या म्हणलं, आपोआप गेली असंल चीर, उन्हाळा लई हाय औंदा. त्यानं नुसतं ट्रॅक्टरच्या पेटीकडं बघितलं. ही मिस्त्री लोकं डाक्टरावानी असत्यात, समजतं समदं. म्हणला, "नवं माउंटिंग आणा, धा मिंटांचं काम हाय. पर ह्या गाडीचं आता मिळतंय कुठं?"

मिळत न्हाई म्हणजी? शेतकरी माणूस हाय मी! आमच्यात वस्तू मिळत न्हाई म्हणून काम अडलंय का कवा? ट्रॅक्टरची जुनी ट्यूब काढली, माउंटिंग वर ठेवून खडूनं आखली, बानूच्या कातरीनं चार थर कापलं, भोकं पाडली, बसवलं. आन काय सांगू, गाडी गुणगुणली! दहा मिंटं, पंधरा मिंटं, अर्धा तास! म्या बानूला हाक मारली, म्हणलं, आण कप. ती म्हणली, "आता पाचच राहिलेत." म्हणलं, आण! कप ठेवला. हालला न्हाई! म्या म्हणलं, काढ फोटू, ठेव स्टेटस. ती बिचारी मोबाईल आणायला घरात गेली, आन मागं फाट्… भस्स! धूर! चारच राहिलं कप. गेणू आला, कारबुरेटर उचलला, तर आत ट्यूब पुरीवानी फुगलेली. "दाजी, ट्यूबचं रबर पेट्रोल पितं की हो! इंजिनाच्या आधी तिनंच पोट भरलं." बानू मागं उभी राहून म्हणती, "माणसं बी अशीच फुगत्यात, उगाच कायबाय प्याल्यावर." मी काय प्यालो व्हतो? चहा! तो बी अर्धा!

मग गेलो पुण्याला, जुन्या बाजारात. ह्या गल्लीत, त्या गल्लीत, शेवटी एक म्हातारा सापडला, ग्रीसनं काळा झालेला, जुन्या गाड्यांच्या सामानाच्या ढिगात बसलेला. माझी तुटकी बैठक बघितली न बघितली, म्हणतो, "उशीर केलात पावणं. ह्याचं शेवटचं एकच व्हतं माझ्याकडं. सहा म्हैन्यांमागं एक जण घेऊन गेलं. तुमच्याच बाजूचं, काय बरं गाव… डिंगोरे!" आता मला सांगा, आख्ख्या पुण्यात एक वस्तू, आन ती घ्यायला डिंगोऱ्यासनं कोण यावं? हिंदुस्थानात काय एवढीच दोन माणसं राहत्यात का? तवा माझ्या ध्यानात आलं, साय का हालत न्हाई ते! म्या तिथंच टपरीवर बसलो. जळत नव्हतो, दम लागला व्हता.

घरी आलो आन सांगून ठेवलं बानूला, गाडी गंजली तरी चालंल, पर त्या माणसाला एक शबूद सांगायचा न्हाई. तिनं एक शबूद न्हाई सांगितला. पाऊण तास सांगितलं! कुशाला फोन लावून, रडत, "अगं, ह्यांचा मान गेला तर हे जेवायचे न्हाईत."

दुसऱ्या दिशी सकाळच्याला दादाभाऊ दारात. मोटारसायकलवर आलता. म्या मुद्दाम इचारलं, काय, फियाट न्हाई आणली दाखवायला? "न्हाई, धुवायला काढलीय." आन खिशातनं रुमालाची पुरचुंडी काढली. उघडली तर… माउंटिंग! सरळ, काळं, एक चीर न्हाई. "घ्या साडूभाऊ. माझ्याकडं पडूनच व्हतं." माझं टकुरं फिरलं! म्हणजी दोन घेतली व्हती लबाडानं! एक लावलं, एक लपवून ठेवलं, आन तो म्हातारा म्हणतो एकच व्हतं! बरं, नाकाशी नेलं तर ताज्या पेट्रोलचा वास. म्हणजी नवं बी न्हाई, वापरलेलं दिलं मला! त्याची बोटं बघितली तर नखापातूर काळी. म्या मनात म्हणलं, असा माणूस, पावण्याच्या घरी जाताना हात सुदा धूत न्हाई. आन हा म्हणतो काय, "तुमचं तुटकं असंल तर द्या. नमुन्याला." नमुन्याला! म्या दिलं काढून, म्हणलं, घाल गळ्यात बांधून.

गेणूनं बसवलं. आधी बूड ब्लेडनं खरवडलं, पॅकिंग घातलं, मग एक नट जरासा, दुसरा जरासा, पुन्यांदा पयला, असं आलटून पालटून, बारक्या पान्यानं. मला म्हणला, "दाजी, तुमी जरा तिकडं, लिंबाखाली बसा." चालू केली, आन राव… काय सांगू! बानू कप घेऊनच उभी व्हती. ठेवला. साय हालली न्हाई! माझ्या डोळ्यात पाणी आलं. तेवढ्यात बानू म्हणती, "दादाभाऊंचं उपकार बगा." गेलं पाणी परत आत.

लग्नाचा दिवस. झेंडू काय, आंब्याची पानं काय, गाडी नवरीच्या वरताण दिसत व्हती. पाठवणीची येळ झाली, म्या दारात लावली, पाय काढला, हात काढलं, खाली उतरून हाताची घडी घालून उभा राहिलो. रडणं सुरू! आई झाली, आज्जी झाली, चुलत्या झाल्या, गाडी गुणगुणतीय! बाया रडता रडता एका डोळ्यानं बॉनेटकडं बघत व्हत्या, फुस्स कवा व्हतंय म्हणून. न्हाईच झालं! सासूबाई म्होरं आल्या, हातात ताट, ताटात थोरल्या जावयाचा फेटा, नारळ. आन मी, तुमाला खरं सांगतो, मी दादाभाऊला हुडकत व्हतो. म्हणलं, कुठं गेला, बघ म्हणावं, ऐक म्हणावं आवाज!

आला. टोमॅटोच्या पिकअपमधनं आला! मागं क्रेटवर बसून, कुशाबाई पुढं. उशिरा आला, कपड्याला टोमॅटोचं डाग. भरत म्हणला, "आवं धाकले दाजी, ह्याच्यातनं? तुमची फियाट?" तो हसला, "जरा दम घेतीय." आन कुशाबाई उतरली, पदर कंबरेला खोचला, आन आख्ख्या मांडवाम्होरं… "दम कसला घेतीय? हिचं काळीज काढून थोरल्या दाजींना दिलंय ह्यांनी! स्वतःच्या गाडीचं माउंटिंग पहाटंच उठून काढलं, आन दाजींचं फुटकं आपल्याला लावलं! दोन हप्ते झालं, गाडी दारातनं हालंना! मला म्हणले, बोलू नगंस, साडूभाऊंना वाईट वाटंल!"

नुसती माझी गाडी गुणगुणतीय. एकच व्हतं हो! म्हातारा खरं बोलला व्हता. तो पेट्रोलचा वास, ती काळी नखं… आन म्या म्हणलं व्हतं, घाल गळ्यात. माझं मला कसंतरीच झालं, खोटं कशाला बोलू, भुई फाटावी असं झालं. पर पुढं ऐका! ज्या बाया रडून मोकळ्या झाल्या व्हत्या, त्या पुन्यांदा सुरू! नवरीसाठी न्हाई, दादाभाऊसाठी! "देवमाणूस गं बाईऽऽ" सासूबाईंनी ताट फिरवलं. माझ्याकडं येणारं ताट, दोन हातांवर आलेलं, ते वळलं आन फेटा गेला त्याच्या डोक्यावर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन पयली टाळी कुणी वाजवली? म्या! हात आपोआप उठलं राव, मी सांगितलं नव्हतं. आन दिशा, जिला मी एवढीशी असल्यापासनं काचेपाशी बसवली, ती म्हणती, "मामा, दादाभाऊमामांना पुढं बसवा ना. त्यांच्यामुळं तर निघतीय मी."

बसवला. गाडी माझी, पेट्रोल माझं, घाम माझा, आन शेजारी फेटा बांधून हा! घोडेगावच्या पेठेतनं चाललो तर लोकं हात जोडत्यात, कुणाला? गाडी चालवणाऱ्याला कोण हात जोडतंय? आन हा डोळं मिटून इंजिन ऐकतोय, मान कलती करून, "साडूभाऊ, काय बोलतीय गाडी!" तुमीच सांगा, मी काय बोलायचं? म्या म्हणलं, बरी बोलतीय.

लगीन झाल्यावर माउंटिंग परत द्यायला गेलो. आपण कुणाचं ठेवून घेणारं न्हाई! तर म्हणतो, "राहू द्या तुमच्याकडंच. तुमच्या गाडीला मान हाय, पोरी जात्यात तिच्यातनं. माझी काय, हौसेची." आन त्याची बंद गाडी बघायला लोकं येत्यात हो डिंगोऱ्याला! बंद गाडी! कुशाबाईनं तिचाच फोटू स्टेटसला ठेवलाय, खाली लिवलंय, 'माणुसकी'. माझी चालू गाडी उभी हाय दारात, साय हालत न्हाई, कुत्रं इचारंना! आन बंद बी पडत न्हाई आता. पयली बंद पडायची तवा तिला शिव्या देऊन माणूस मोकळा व्हायचा. आता चालू केली की गुणगुणती, आन गुणगुणली की मला त्योच दिसतो.

म्हणून सोमवारी तशीच काढली आन भीमाशंकराला गेलो. आख्खा घाट चढली, एकदा हुंदका न्हाई दिला. देवाम्होरं उभा राहिलो, हात जोडलं, म्हणलं, देवा, मी काय जळणारा माणूस न्हाई, तुला ठावं हाय. माझी गाडी चांगली चालतीय, मला कायबी नगं. फकस्त त्या दादाभाऊला जरा वाईट कर. लई न्हाई रे… माझ्याएवढा. बास.